दुबलगुंडीची वाट आणि तीन राज्यांचे तेल

हैदराबादेहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांच्या ओळखीचा आहे. पूर्वी त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत. आता त्याचा क्रमांक ६५ आहे. संगारेड्डी, सदाशिवपेठ, जहीराबाद ही गावे मागे टाकून तो कर्नाटकात शिरतो, हुमनाबादेस येतो आणि पुढे उमरग्याच्या बाजूने महाराष्ट्रात प्रवेश करतो. लग्नकार्यास, कुलदैवतास किंवा पंढरीस निघालेल्या आपल्या माणसांनी या वाटेने किती फेऱ्या केल्या असतील, याची गणती करवत नाही. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरास श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी थांबणारेही पुष्कळ. दत्तजयंतीच्या सुमारास तेथे मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही बोली एकाच पंगतीत ऐकू येतात. परंतु हमरस्ता सोडून त्याच तालुक्यातील दुबलगुंडीस मुद्दाम जाणारे थोडेच.

आम्ही गेलो ते मार्गशीर्षात. बिदरच्या पठाराची जमीन मोठी लहरी आहे. कोठे जांभ्या दगडाची तांबडी माती, तर थोडे पुढे जावे तो काळीभोर रेगूर. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या, जोंधळा गुडघ्याच्या वर आला होता आणि अधूनमधून उसाचे हिरवे तुकडे दिसत होते. तूर हे या मुलखाचे खरे धन. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्याची ओळख तर तुरीवरच उभी आहे.

इकडच्या माणसांची भाषा ऐकत राहावी अशी. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या कागदपत्रांची आठवण निघाली की उर्दू. एकाच वाक्यात तिन्ही येतात आणि बोलणाऱ्यास त्याची जाणीवही नसते. याचे कारण इतिहासात आहे. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या वेळच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे मराठी तालुके होते, जहीराबाद आणि नारायणखेड हे तेलुगू तालुके होते आणि हुमनाबाद, भालकी, बिदर हेही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात गेला, जहीराबाद आंध्र प्रदेशात गेले आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. म्हैसूरचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले आणि जहीराबाद २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा आखणाऱ्यांनी गावे वाटली. सोयरिकी मात्र वाटता आल्या नाहीत. दुबलगुंडीत ज्या घरी आम्ही उतरलो, तेथील थोरली अक्का उमरग्यास दिलेली आणि धाकटी जहीराबादेस. एक बहीण महाराष्ट्रात, दुसरी तेलंगणात, भाऊ कर्नाटकात, आणि या तिघांमधील अंतर मोटारीने जेमतेम सव्वाशे किलोमीटरचे.

या घरी बसल्यावर बोलणे साहजिकच जाण्यायेण्याच्या खर्चावर आले. घरधनी निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी सोलापूरकडून येताना करोडगिरीचा नाका लागे. बोचकी सोडून दाखवावी लागत. आता नाका नाही, शिपाई नाही. पण गाडीच्या टाकीत तेल घालताना करोडगिरी भरतोच आम्ही."

तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे की निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई, त्या खात्यास करोडगिरी म्हणत. सोलापूर इंग्रजी मुलखात आणि उमरगे निजामाच्या, म्हणून त्या दोहोंमध्ये नाका. गुरुजींची उपमा नुसती गमतीची नाही. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला आणि साबणापासून सिमेंटपर्यंत बहुतेक मालावरील राज्याराज्यांचे वेगळे कर गेले. पेट्रोल आणि डिझेल मात्र त्या व्यवस्थेच्या बाहेर ठेवण्यात आले. त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर प्रत्येक राज्याचा स्वतःचा विक्रीकर, अशी जुनीच रीत चालू राहिली. केंद्राचे शुल्क सर्वत्र सारखे असते, म्हणून जो फरक पडतो तो मुख्यतः राज्याच्या करामुळे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण या सीमेने २०२१ आणि २०२२ या वर्षांत पाहिले. त्याआधी २०२० च्या वसंतात महामारीमुळे जगात तेलास गिऱ्हाईक उरले नव्हते आणि कच्चे तेल मातीमोल झाले होते. त्या वेळी केंद्राने मार्च आणि मे महिन्यांत मिळून पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढविले, त्यामुळे ती स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचलीच नाही. पुढे कच्चे तेल महागले, शुल्क तसेच राहिले आणि भाव शंभराच्या पलीकडे गेले. अखेर २०२१ च्या दिवाळीत केंद्राने पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपये कमी केले. त्याच वेळी कर्नाटकाने आपल्या करातून दोहोंवर आणखी ७ रुपये उतरविले. महाराष्ट्राने व तेलंगणाने तेव्हा काही सोडले नाही. परिणाम असा झाला की पेट्रोल बंगळुरास १०० रुपये ५८ पैसे, हैदराबादेस १०८ रुपये २० पैसे आणि मुंबईस १०९ रुपये ९८ पैसे झाले.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. कच्च्या तेलाचा भाव मार्चात काही काळ पिंपास १३९ डॉलरपर्यंत चढला. आपल्याकडे पाच राज्यांच्या निवडणुका चालू होत्या आणि नोव्हेंबरपासून पंपावरचे दर हलले नव्हते. निवडणुका आटोपल्यावर २२ मार्चपासून दर वाढू लागले आणि ६ एप्रिलपर्यंत दिल्लीत पेट्रोल बरोबर १० रुपयांनी चढले. परंतु तीच वाढ हैदराबादेस ११ रुपये २९ पैसे आणि बंगळुरास १० रुपये ५१ पैसे झाली. तेल तेच आणि कारणही तेच. मग वाढ निराळी का?

हे कोडे गुरुजींनी आपल्या नातवाच्या पाटीवर सोडवून दाखविले. राज्याचा कर बहुतांशी टक्क्यांनी असतो, रुपयांनी नव्हे. समजा, कर लागण्यापूर्वी एक लिटर पेट्रोल ८० रुपयांस पडते. तेलंगणाचा कर ३५.२ टक्के; तेव्हा गिऱ्हाइकास ते सुमारे १०८ रुपयांस मिळणार. कर्नाटकाचा २०२४ च्या जूनपासूनचा कर २९.८४ टक्के, तेथे ते सुमारे १०४ रुपये होणार. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या जुलैपासून २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. तेथे सुमारे १०५ रुपये. आता कच्चे तेल महागून मूळची किंमत ८० ची ९० झाली असे धरा. तेलंगणात वाढ साडेतेरा रुपयांची होते, कर्नाटकात तेरा रुपयांची आणि महाराष्ट्रात साडेबारा रुपयांची. म्हणजे तेल जितके चढते, तितका राज्याचा वाटाही आपोआप चढतो आणि राज्याराज्यांतील दरी रुंदावते. महागाईची झळ लोकांस बसते, तेव्हाच सरकारच्या तिजोरीत भर पडते, हे या पद्धतीतील मर्म आहे.

राज्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांना आपल्या इच्छेने वाढविता येतील असे मोठे कर थोडेच उरले: तेल, मद्य, मुद्रांक आणि वाहने. शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी पैसा लागला की हात या तीन-चार पेट्यांकडेच जातो. महाराष्ट्राने २०१५ साली दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार बसविला, तो याच कारणाने. कर्नाटकानेही १५ जून २०२४ रोजी कर वाढविला. पेट्रोल व डिझेल सुमारे ३ रुपयांनी महागले. १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरील कर पुन्हा चढून २१.१७ टक्के झाला आणि २०२२ साली सीमेवर दिसणारे डिझेलचे ते मोठे अंतर महाराष्ट्राच्या बाजूने जवळजवळ पुसले गेले.

कराखेरीज दुसरे कारण वाहतुकीचे. आपल्या देशात लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक परदेशांतून येते. ते बंदरावर उतरते, शुद्ध होते आणि नळांतून अंतर्भागात जाते. मुंबईचे तेल नळाने पुण्यावरून सोलापुरास येते. विशाखापट्टणचे विजयवाड्यावरून सिकंदराबादेस येते. मंगळूरचे हसनवरून बंगळुरास जाते. नकाशा पसरून पाहिला तर बिदरचे पठार या नळांच्या टोकांच्या मधोमध, सर्वांपासून लांब पडलेले दिसते. पुढचा प्रवास टँकरने आणि त्याचे भाडे लिटरमागे दरात मिसळलेले. मराठवाड्यातील परभणीचे नाव महाग पेट्रोलसाठी वर्तमानपत्रांतून वारंवार येते, त्यामागेही मनमाडच्या साठ्यापासूनचे दूर अंतर हेच कारण आहे. हा फरक करासारखा मोठा नसतो, पण तो कायमचा असतो. बंदरापासून दूर राहणाऱ्याने तो रोज मोजावयाचा.

जुन्या पिढीस आठवत असेल की पूर्वी पेट्रोलचे दर सरकार ठरवी आणि ते वर्षानुवर्षे फारसे हलत नसत. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चे तेल पिंपास सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या वर गेले, तेव्हा पहिला मोठा तडाखा बसला. इराणमधील १९७९ च्या क्रांतीने दुसरा दिला. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलवरील आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील सरकारी दरनियंत्रण उठले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत आली. ती कागदावर रोजची असली, तरी निवडणुकीच्या दिवसांत दर स्थिर राहतात आणि नंतर एकदम उसळी घेतात, हे २०२२ साली दिसलेच.

गावावर याचा परिणाम कसा होतो, ते एका ट्रॅक्टरवाल्याने फार थोडक्या शब्दांत सांगितले. तो म्हणाला, "डिझेल वाढलं की नांगरटीचा दर वाढतो, साहेब. डिझेल उतरलं म्हणून नांगरट उतरलेली मी तरी पाहिली नाही." वाढ लगेच उतरते ती गरिबाच्या खांद्यावर, सूट मात्र वाटेत कोठेतरी राहते. तूर अडतीवर न्यावयाची तर टेम्पोचे भाडे. पेरणीस उशीर करता येत नाही, म्हणून शेतकऱ्यास दराशी घासाघीस करण्यास सवडच नसते. एसटीचे भाडेही त्याच मार्गाने गेले. कर्नाटकाने ५ जानेवारी २०२५ पासून बसचे भाडे शेकडा १५ ने वाढविले आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रानेही जवळजवळ तितकीच वाढ केली. दोहोंनी पुढे केलेल्या कारणांत डिझेलचा खर्च होताच.

स्त्रियांसाठी तिन्ही राज्यांनी २०२३ सालात सवलती दिल्या: महाराष्ट्राने अर्धे तिकीट, कर्नाटकाने आणि तेलंगणाने विनामूल्य प्रवास. परंतु प्रत्येक सवलत आपापल्या राज्यापुरती. गुरुजींच्या घरातील बायकांना बिदर किंवा कलबुर्गीस फुकट जाता येते. बहिणीकडे उमरग्यास जायचे तर हिशेब बदलतो.

आणि त्या दिवसांत उमरग्यास वरचेवर जावे लागत होते. थोरली अक्का बरेच महिने अंथरुणास खिळलेली होती. गुरुजींच्या पत्नी दर आठवड्यास तिला पाहावयास जात. वेळ अवेळ झाली की जीप करावी लागे. जीपवाला गावचाच, नडलेल्यास लुबाडणारा नव्हे. पण डिझेल भरल्यावर तोही काय करणार? पुढे आठवड्याची फेरी पंधरवड्याची झाली. हे सांगताना वहिनींनी कोणास दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "अक्का विचारायच्या, बऱ्याच दिवसांनी आलीस ग. आता त्यांना तेलाचा भाव काय सांगायचा?"

एका पठारावर, एका जातीच्या मातीत वसलेल्या या माणसांना जोडणारा रस्ता एकच आहे. कर घेण्याचा अधिकार राज्यांचा आहे आणि त्याची गरजही खोटी नाही. तरीही ज्या प्रदेशात घराची एक खोली जणू दुसऱ्या राज्यात आहे, तेथे हा कर केवळ मोटारीवर बसत नाही. तो नात्यावरही बसतो. तिन्ही राज्यांनी एक दर ठरवावा, ही मागणी लगेच मान्य होण्यासारखी नसेल. परंतु सीमेवरच्या बसच्या सवलती परस्परांनी मानाव्यात, एवढे तरी अशक्य नसावे.

या वाटेने जाणाऱ्या आपल्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. हैदराबादेहून निघताना टाकी काठोकाठ न भरता सीमेपलीकडचा त्या दिवसाचा दर पाहून मग भरावी. चार पैसे वाचतील. वाचलेल्या पैशांत माणिकनगरावरून थोडे आत वळावे. दुबलगुंडीसारख्या गावी कोणी ना कोणी आपले सापडतेच. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण पुढे येते, आणि हैदराबादकडचे मराठी ऐकून म्हातारी माणसे आपल्या दूरच्या लेकींची खुशाली विचारतात. ती सांगावयास थोडा वेळ हाताशी ठेवून जावे.