काच थोडी खाली

आरटीओच्या मैदानात मी ज्या गाडीवर पास झालो ती रिकामी होती. वयाची २० वर्षं पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं, एवढ्या भांडवलावर हेवीचं लायसन्स खिशात आलं आणि आठवडाभर मी ते शर्टाच्या वरच्या खिशातून अर्धं बाहेर ठेवून गावभर हिंडलो. मग पिंपळगाव बसवंतला कांदा भरलेली दहाचाकी पुढ्यात उभी राहिली. माल खाली करायचा तो दिल्लीच्या आझादपूर मंडीत. परीक्षा गाडीची झाली होती. वजनाची राहिलीच होती.

रिकामी गाडी करडासारखी उड्या मारते. भरलेली गाडी सांगितलेलं ऐकते, जरा विचार करते, मग हलते. थांबतानाही तेच. आपण ब्रेक दाबून मोकळे होतो, तिचा विचार अजून पुढेच चाललेला असतो.

पहिली खेप अप्पांबरोबर. आग्रा रोडवर उभा जन्म काढलेला माणूस. स्टिअरिंग दूरच, त्यांनी माझ्या हातात लोखंडी टॉमी दिली. "टायर वाजवून ये." हवा पुरेशी असली की टॉमी टणकन उडते, कमी असली की भद्द आवाज येतो. जोडीतला आतला टायर सगळ्यांत लबाड, बाहेरच्याच्या आडोशाला दडून बसतो. मी दोन फेऱ्या मारल्या तेव्हा अप्पांचा चहा संपला. मग हवेचा काटा बघायचा. ब्रेकची हवा पुरती भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही. मग ताडपत्री. कांद्याला ती लहान लेकराच्या दुपट्यासारखी गुंडाळायची नाही, बाजूनं वारा खेळला पाहिजे, नाहीतर माल घामेजतो. तास गेला आणि गाडी अजून जागेवरच.

त्या रस्त्यावर मुलूख नद्यांनी मोजायचा असतो. शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटला नर्मदा, धौलपूरच्या तोंडाशी चंबळ, मग यमुनेची सोबत. होळकर आणि शिंदे मला शाळेत भेटले होते ते स्वाध्यायातल्या रिकाम्या जागांमध्ये. आता त्यांची इंदूर, ग्वाल्हेर हिरव्या पाटीवर किलोमीटरसकट येत होती आणि मी त्यांच्याकडे जेवणाचा मुक्काम म्हणून बघत होतो.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा तेव्हा सांगायचा, दिवसाला ८ तास काम, आणि ५ तासांनंतर अर्धा तास विसावा. कांद्याला हा कायदा लागू नव्हता. तो मागे गोण्यांत निवांत नासत असतो आणि मालकाचा फोन पुढे वाजत असतो. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे असतात, पण माणूस घरी गेलेला असतो. एकदा मला रस्त्यात आमच्या गोठ्यातली म्हैस दिसली. अप्पांनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हणालो, "काही नाही." त्यांनी गाडी ढाब्याच्या अंगणात घ्यायला लावली. "काही नाही दिसायला लागलं की निजायचं."

जाताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागतो. माथ्यावरच्या देवीला हात जोडून अप्पा एवढंच म्हणाले, "कोणत्या गिअरात चढलास ते ध्यानात ठेव. येताना त्याच गिअरात उतरायचं."

येताना परतीचा माल होता, आठ दिवसांची दाढी होती आणि घराची ओढ होती. उतारावर गाडी आपसूक पळते. न्यूट्रल करून चार पैशांचं डिझेल वाचवायचा मोह पायापर्यंत येतो. मी वरच्या गिअरात होतो आणि ब्रेकवर पाय ठेवून स्वतःला सावध समजत होतो. अप्पांनी मला नुसतं म्हटलं, "वास घे." खिडकीतून करपट, आंबूस वास आला. माझेच ब्रेकचे लायनर तापले होते. तसेच तापत राहिले की शेवटी ब्रेक पायाखाली असतात पण चाकाला धरत नाहीत. मी गिअर खाली टाकला. इंजिनानं गुरगुरत गाडीला मागून धरलं, वेसण धरावी तसं.

याच उतारानंतरचं पळासनेर. २०२३ च्या जुलैत तिथे ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला, माणसं गेली. ती बातमी वाचली तेव्हा अप्पा नव्हते. मला त्या पानातूनही लायनरचा वास आला.

आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. झालं ते उत्तम झालं. मे महिन्यात इंजिनाच्या धगीनं पोटऱ्या भाजून घेण्यात कसलंही शौर्य नव्हतं. परवा शेजारचा पोरगा नवी गाडी घेऊन पहिल्यांदा लाईनवर निघाला, तेव्हा मी डाव्या सीटवर बसलो. केबिनमध्ये गारवा, मोबाईलवर नकाशा, बाहेरचं जग मुक्या सिनेमासारखं. परतीला बिजासन उतरू लागलो. पोरगं वरच्या गिअरात, पाय ब्रेकवर, चेहरा सावध. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

मी माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली.

"काका, एसी वाया जातोय."

"जाऊ दे जरा."

गरम वारा आत आला, त्याच्याबरोबर डिझेल, धूळ आणि पुढच्या गाडीचा तो करपट वास. पोरानं नाक मुरडलं. मग पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. विचारलं काहीच नाही. क्लच दाबला, गिअर खाली टाकला. इंजिनाचा आवाज जाड झाला.

मी काच वर केली.