एल. जे. रोडची बाई

परवा नातीला घेऊन दादरहून वांद्र्याला निघालो होतो. बस माहीमच्या गर्दीत अडकली. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता नातीने विचारले, "आजोबा, एल. जे. रोड म्हणजे काय हो?"

"लेडी जमशेटजी."

"त्या कोण?"

पुढच्या बाकावरचे एक वयस्क गृहस्थही मागे वळून पाहू लागले. जन्म दादरला गेला असावा, पण हा प्रश्न त्यांनाही कधी पडला नसावा! मी मात्र लगेच उत्तर देऊ शकलो. माझी विद्वत्ता मोठी आहे म्हणून नव्हे. त्या बाईंचे आमच्या घरावर एक ऋण आहे म्हणून.

सन 1958. आमचे बिऱ्हाड तेव्हा वांद्र्याला होते. आषाढातली रात्र, पाऊस कोसळत होता, आणि माझा धाकटा भाऊ पोट धरून तळमळत होता. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "अपेंडिक्स आहे. सकाळची वाट पाहू नका." जे. जे. इस्पितळात वडिलांच्या ओळखीचे एक कंपाउंडर होते, म्हणून तिकडेच न्यायचे ठरले. महिनाअखेर होती. वडिलांच्या खिशात आणि आईच्या डब्यात मिळून अकरा रुपये निघाले. टॅक्सी मिळाली तीच देवाची कृपा. मीटर पडत होता तसतशी वडिलांची मूठ घट्ट होत होती, हे मला त्यांच्या शेजारी बसून दिसत होते. माहीमच्या पुलावर दोन्ही बाजूंना नुसता काळोख आणि पाणी. टॅक्सी कुठेही न थांबता सरळ पलीकडे गेली.

शस्त्रक्रिया वेळेवर झाली. भाऊ वाचला. तिसऱ्या दिवशी मी वडिलांबरोबर बसने घरी येत असताना पुलावर ते एकदम म्हणाले, "हा पूल आणि ते इस्पितळ, दोन्ही एकाच घरची देणगी आहे, बरे का!"

मग त्यांनी सांगितले ते, आणि पुढे मी वाचले ते, असे. जमशेटजी जिजीभाई 1783 साली मुंबईत जन्मले. आईबाप लवकर गेले. पोर मामाच्या जुन्या बाटल्यांच्या धंद्यात लागले. त्याच मामाची मुलगी आवाबाई त्यांची पत्नी झाली. चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. त्यात कापूस होता, तशी अफूही होती. हे वडिलांनी मला सांगितले नव्हते. ते वाचले त्या दिवशी मन खट्टू झाले. दानाने तो हिशेब फिटतो असे मी म्हणणार नाही. पण इस्पितळासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले आणि 1845 साली ते सुरू झाले, हेही तितकेच खरे.

पुलाची गोष्ट आवाबाईंची. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये माहीमची खाडी. जायचे ते होडीने, आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून. पूल हवा हे सगळ्यांना पटत होते, पण सरकार खर्चाला तयार नव्हते. तेव्हा या बाईंनी पदरचे सुमारे दीड लाख रुपये दिले. एकदा दिलेले पुरेनात म्हणून पुन्हा दिले! अट एकच घातली: पुलावरून जाणाऱ्याकडून एक पैही कर घ्यायचा नाही. 1845 साली पूल खुला झाला. भाजीची पाटी घेतलेली बाई असो की घोडागाडीतला साहेब असो, नाक्यावर हात पुढे करणारा कोणी नव्हता.

मला त्या दीड लाखापेक्षा ही अट मोठी वाटते. पैसे देऊन आपले नाव लावणारे पुष्कळ. पण ज्याच्या खिशात काही नाही, त्याला दाराशी थांबावे लागू नये, हा विचार देतानाच करणारे थोडे.

मी स्वतः तो केला नव्हता. वडील गेल्यावर त्यांच्या पुस्तकांचे आम्ही सोसायटीच्या तळमजल्यावर वाचनालय केले. चिटणीस मी. वर्षाभरात पुस्तके फाटू लागली, दिव्याचे बिल वाढले. मी ठराव मांडला: वर्गणी भरील त्यालाच प्रवेश, बाकीच्यांसाठी दाराला कुलूप. सोसायटीमागच्या खोल्यांतली मुले संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसत; ती वर्गणी कुठून भरणार, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण हिशेब जमवणे हे चिटणिसाचे काम!

सभेला भाऊ आला होता. तो एरवी कधी बोलत नाही. त्या दिवशी उठला आणि एवढेच म्हणाला, "दादा, त्या रात्री पुलावर नाका असता तर?"

सभेत कोणाला काही कळले नाही. मला कळले. पुलावरचे चार-आठ आणे वडिलांनी कसेही दिले असते. पण ती घट्ट मूठ मी पाहिली होती. मी ठराव मागे घेतला. कुलूप आणलेले होते, ते आज माझ्या कपाटाला आहे. दिव्याचे बिल आम्ही दोघे भाऊ मिळून भरतो. पुस्तके अजूनही फाटतात. ती मी दुपारी डिंक घेऊन चिकटवतो.

पश्चिमेला 2009 साली सागरी सेतू झाला. त्यावर पथकर आहे. त्या कामाचा खर्च वेगळा, हिशेब वेगळा, तक्रार नाही. पण आमची बस जुन्या रस्त्यानेच पलीकडे जाते.

हे सारे सांगेपर्यंत खाडी आली. नातीने खिडकीतून वाकून पाहिले.

"म्हणजे आपण आता त्यांच्या पुलावरून फुकट चाललो आहोत?"

"हो," मी म्हणालो.

पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी काही न बोलता पाण्याकडे पाहून हात जोडले. तेवढ्यात कंडक्टर आला आणि मी दोन तिकिटे मागितली.