लाटेला बोटं असतात का?

मुलांनो, वही तपासून परत आली की तुम्ही आधी काय बघता? मी सांगते. लाल शाई कुठे कुठे लागलीय ते! आज तुम्हाला माझ्याच लाल पेनाची एक गोष्ट सांगणार आहे. गंमत अशी की त्यात चूक मुलाची नव्हती, बाईंची होती. म्हणजे माझी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गाच्या मागच्या खिडकीतून जेटी दिसते. निम्म्या मुलांच्या घरी होडी आहे, नाहीतर कुणी ना कुणी होडीवर कामाला जातं. २०२२ साली दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सातवीच्या वर्गाला म्हटलं, "आपण आता चित्रवही करायची." मुलं म्हणाली, "बाई, चित्रकलेची वही आहे की!" होती ना. तिच्यात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड होतं. आमच्या गावचा सूर्य रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडतो, पण वहीत मात्र तो दोन डोंगरांमधूनच वर येतो!

चित्रवही वेगळी होती. महिन्याला जगातलं एक नावाजलेलं चित्र घ्यायचं. वहीच्या डाव्या बाजूला माहितीचं पान, उजव्या बाजूला बघण्याचं पान. आणि पान उलटलं की आपलं स्वतःचं चित्र. कल्पना चांगली होती, पण बघण्याच्या पानावर नेमकं काय लिहायचं हे तेव्हा मलाच धड माहीत नव्हतं.

पहिलं चित्र मी समुद्राचंच निवडलं. जपानी चित्रकार होकुसाई याची मोठी लाट. तुम्हीही पाहिली असेल, ती हल्ली दप्तरांवर, टी-शर्टांवर, कपांवर, कुठेही दिसते. २०२४ पासून तर ती जपानच्या हजार येनच्या नोटेवर मागच्या बाजूला आहे. डावीकडून उठलेली अजस्र निळी लाट, तिचा शेंडा पांढऱ्या फेसाचा, खाली तीन लांबट होड्या. तालुक्याच्या गावाहून मी रंगीत छपाई करून आणली आणि फळ्याशेजारी लावली. "आठ दिवसांत दोन्ही पानं भरून आणा," एवढंच सांगितलं.

आठ दिवसांनी वह्या आल्या. काय सांगू, इतकं सुंदर अक्षर! होकुसाईचा जन्म १७६०, मृत्यू १८४९. हे चित्र साधारण १८३१ सालचं. फुजी पर्वताच्या छत्तीस देखाव्यांच्या मालिकेतलं. (या छत्तीस देखाव्यांत चित्रं आहेत सेहेचाळीस, बरं का! मालिका लोकांना इतकी आवडली की पुढे आणखी दहा काढली, नाव मात्र तेच राहिलं.) सगळ्या वह्यांत हीच वाक्यं, याच क्रमाने. एकाच्या मोबाईलवरून सगळ्यांनी उतरवून घेतलेलं. एका वहीत तर "अधिक वाचा" हेसुद्धा उतरवलेलं होतं! आणि बघण्याच्या पानावर? "हे चित्र खूप सुंदर आहे. रंगसंगती आकर्षक आहे. मला हे चित्र आवडले." मी प्रत्येक वहीवर 'छान' लिहिलं आणि एकेक चांदणी काढली.

एका मुलाचं डावं पान कोरं होतं. उजव्या पानावर पेन्सिलीने लाट काढलेली, बरीचशी खाडाखोड, आणि खाली दोनच ओळी. "लाटेला बोटं आहेत. नखंपण आहेत." त्याचं नाव सांगत नाही. आता तो हायस्कुलात गेलाय, हे वाचलं तर लाजेल.

मी 'बोटं'खाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'लाटेला बोटे नसतात. माहिती अपूर्ण.' चांदणी नाही.

पुढच्या महिन्यात त्याने दोन्ही पानं भरून आणली. सुवाच्य अक्षर, समास आखलेला, जन्म, मृत्यू, रंगसंगती आकर्षक. मी खूश झाले, चांदणी काढली. त्याने वही बंद केली आणि दप्तरात टाकली. चांदणी बघितलीसुद्धा नाही. तेव्हा मला जरा खटकलं, पण पुढचा तास होता आणि मी ते विसरून गेले.

खरं तर मला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं. कारण ही कला माझीही चांगली अवगत होती! डी. एड. करताना कार्यानुभवाची फाइल मी वरच्या वर्गातल्या ताईच्या फाइलीवरून जशीच्या तशी उतरवली होती. तिनेही कुणाची तरी उतरवली असणार. गुण उत्तम मिळाले. त्या फाइलीत काय होतं, यातलं आज मला एक अक्षर आठवत नाही.

पुढे मे महिन्याच्या सुट्टीत वाचायला मी एका मैत्रिणीकडून पुस्तकं आणली. त्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराची पत्रं होती. व्हिन्सेंट हा थोरला आणि तेओ धाकटा. दोघे एकमेकांना सतत पत्रं लिहायचे. सप्टेंबर १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावातून लिहिलेल्या एका पत्रात होकुसाईचा विषय निघाला आणि वाचता वाचता मी थांबलेच. तेओने आपल्या पत्रात म्हटलं होतं की या लाटा म्हणजे पंजे आहेत, होडी त्यांच्या तावडीत सापडलीय. व्हिन्सेंटला ते मनापासून पटलं होतं.

पंजे! म्हणजे बोटं आणि नखंच की.

मला त्या लाल रेघेची आठवण झाली आणि कानशिलं तापली. पॅरिसमध्ये चित्रांचा व्यापार करणाऱ्या तेओला जे दिसलं, तेच आमच्या सातवीतल्या मुलाला दिसलं होतं. एकाची पत्रं लोक अजून वाचतात आणि दुसऱ्याच्या वहीत मी लिहिलं, माहिती अपूर्ण.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटली. व्हिन्सेंट नुसतं 'पंजे' म्हणून थांबत नाही. हा परिणाम होकुसाईने कशाने साधला तेही तो सांगतो, रेषांनी आणि रेखाटनाने. म्हणजे आधी काय वाटलं, आणि मग कागदावरच्या कुठल्या गोष्टीमुळे तसं वाटलं. बघण्याच्या पानावर काय लिहायचं याचं उत्तर मला तिथे मिळालं. 'रंगसंगती आकर्षक' हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालतं, म्हणून ते कुठल्याच चित्राविषयी नसतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती मुलं सातवी होऊन हायस्कुलात गेली होती, पण हायस्कूल आमच्या शाळेच्या पुढेच आहे. मी त्याला मधल्या सुट्टीत गाठलं आणि जुनी चित्रवही घेऊन यायला सांगितलं. दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, वही पुढे करून म्हणाला, "ते तुम्ही खोडलंय, बाई."

"खोडलं नाही रे, रेघ ओढलीय. ती रेघच चुकली. आता मला दाखव, बोटं कुठे आहेत?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करत नाही ना म्हणून. मग फळ्याशेजारच्या छपाईपाशी गेला (पावसाळी ओलीने तिचे कोपरे सुटले होते) आणि दाखवू लागला. लाटेच्या शेंड्याला फेसाच्या बारीक बारीक आकड्या आहेत, प्रत्येक आकडी खाली वळलेली. कुठेही गोल, मऊ फेस नाही. "आणि सगळी बोटं होडीकडेच वळलीत," तो म्हणाला. मग अगदी सहज पुढे म्हणाला, "हे लोक वल्ही मारत नाहीयेत, बाई. वाकून गच्च धरून बसलेत. एवढी लाट आल्यावर कोण वल्हवणार?"

मी ते चित्र शंभरदा पाहिलं होतं. माणसं वाकलीत हे दिसलं होतं, पण ती वल्हवतायत असंच मी धरून चालले होते. घरी आजोबांकडून ऐकलेलं त्याच्या कामी आलं होतं. मग मी त्याला माझ्या वाचनातलं सांगितलं. या अशा होड्या ताजी मासळी घेऊन भरधाव एडो शहराच्या बाजारात जायच्या. एडो म्हणजे आजचं टोकियो. हे ऐकून तो हसला. "म्हणजे आमच्यासारखेच." आणि खिशातून पेन्सिल काढून त्याने कोऱ्या डाव्या पानावर ते लिहून टाकलं. इतके महिने कोरं राहिलेलं पान!

त्या वर्षी नव्या सातवीला मी पुन्हा तेच चित्र दिलं, पण वेगळ्या तऱ्हेने. पहिल्या दिवशी माहिती शोधायला बंदी. आधी फक्त बघायचं आणि मोजायचं. होड्या तीन, यावर सगळ्यांचं एकमत. माणसं किती? कुणी बावीस म्हणे, कुणी सव्वीस, कुणी तीसच्या घरात. ते भांडण मिटलेलं नाही. मग एक मुलगी ओरडली, "बाई, मधली ती छोटी लाट लाट नाहीये! डोंगर आहे!" आणि खरंच, तो फुजी पर्वत. बर्फाचा शेंडा लाटेच्या फेसासारखाच दिसतो म्हणून फसायला होतं. आता तिला प्रश्न पडला की मालिका डोंगराची, मग डोंगर एवढुसा का? ती माहितीच्या पानाकडे स्वतःहून पळाली. फुजी ३७७६ मीटर उंच, आपलं कळसूबाई १६४६. दुपटीहून मोठा पर्वत चित्रकाराने लाटेच्या पायाशी बसवला होता. तिने बघण्याच्या पानावर लाट आणि डोंगर शेजारी शेजारी काढून बाण मारला आणि लिहिलं, "होडीतून असंच दिसत असेल."

एकाने विचारलं, "मूळ चित्र केवढं?" मी सांगितलं, सुमारे ३७ सेंटिमीटर रुंद आणि २५ उंच. मुलांनी वर्तमानपत्रावर पट्टीने चौकट आखली आणि बघतच राहिली. भिंतभर असेल असं वाटलेलं चित्र शाळेच्या पाटीपेक्षा थोडंसंच मोठं! आणि मूळ असं एक चित्र नाहीच. होकुसाईचं रेखाटन लाकडी फळीवर उलटं चिकटवून त्यावरूनच कोरत, त्यात ते रेखाटन संपून जाई. मग फळ्यांना रंग लावून कागदावर ठसे घेत. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. आम्ही बटाटे कापून ठसे केले. एकाने हौसेने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं आणि छापल्यावर ते उलटं आलं तेव्हा कुठे त्याला रेखाटन उलटं का चिकटवतात ते कळलं. ते उलटं अक्षर त्याच्या वहीत आहे, खाली लिहिलंय, "फसलो."

निळ्या रंगाचंही असंच झालं. त्या निळ्याचं नाव प्रशियन ब्ल्यू. तुमच्या रंगपेटीत बघा, बहुधा असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बर्लिनमध्ये तयार झाला आणि पुढे जहाजांतून जपानला पोचला. मुलांनी पानाच्या कडेला पट्टे काढून बघितले, एक जाड, एक पाणी घालून पातळ, एक कपड्यांच्या निळीचा. निळीचा पट्टा दुसऱ्या दिवशी फिका पडला, तेही नोंदवलं. पानं अशी गिचमिड झाली की वह्या बघायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "अहो बाई, ही कच्ची वही ना? पक्की कुठेय?" मी म्हटलं, "हीच पक्की." त्यांना ते काही फारसं पटलं नाही.

माहितीच्या पानाला मी एकच नियम ठेवला. प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून मिळाली ते लिहायचं. पुस्तकातून, मोबाईलवरून, की आजोबांकडून. आणि उतरवून आणलेल्या पानाला चांदणी बंद. पहिले दोन महिने पानं अर्धी रिकामीच यायची. मला धीर धरणं जड गेलं, खोटं कशाला सांगू? सुवाच्य भरलेलं पान बघायची सवय माझ्याही डोळ्यांना होतीच.

आता मुलांबरोबर मीही चित्रवही ठेवते. मागच्या पावसाळ्यात तो मुलगा सहज शाळेत डोकावला, तेव्हा मी माझी वही त्याला दाखवली. मोठ्या ऐटीत मी लाट काढली होती, आकड्यांसकट, आणि खाली माझ्या मनाने एक होडी. त्याने पान जवळ नेऊन बघितलं.

"बाई, ही होडी लाटेला आडवी आहे."

"मग?"

"मग काय? उलटणार. चित्रातल्या बघा की, एकतरी आडवी आहे का?"

मी टेबलावरचं लाल पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने माझ्या होडीखाली रेघ ओढली आणि बाजूला नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तोंड लाटेकडे करा.'