फुरसुंगीचा बन्या, अर्धापूरचे आम्ही

फुरसुंगी म्हटलं की पुणेकरांना कचरा डेपो आठवतो आणि माझ्यासारख्या इंजिनिअर पोरांना तिथला आयटी पार्क. माझी पहिली नोकरी तिथेच लागली. फोनवर वडिलांना गावाचं नाव सांगितलं. पॅकेजचं त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाले, "फुरसुंगी? म्हंजे त्या फेण्याचंच गाव की!"

आमचं घर केळीवाल्यांचं. अर्धापुरात तेव्हा गोष्टीची पुस्तकं मिळायची नाहीत. एसटीत कंडक्टर असलेले काका नांदेडहून जुनी पुस्तकं आणायचे, ती आधी वडील वाचायचे आणि मग आम्ही. त्यातच मुखपृष्ठ फाटलेला 'फास्टर फेणे' होता. त्यामुळे बनेश फेणे माहीत झाला आणि लेखक कोण ते दोन वर्षं कळलंच नाही. भा. रा. भागवतांना बहुधा याचं वाईट वाटलं नसतं.

भागवतांचा जन्म 1910 चा, इंदूरचा. मुलांसाठी लिहिणं हा त्यांनी फावल्या वेळातला उद्योग मानला नाही, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'बालमित्र' नावाचं मासिक काढलं, ते पुढे बंद पडलं. तरी लिहिणं थांबलं नाही. पत्नी लीलावती भागवतही मुलांसाठी लिहिणाऱ्या. म्हणजे घरात दोघंही त्याच धंद्यात, आणि हा धंदा मराठीत कधीच पैशाचा नव्हता.

फेणेच्या आधी त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी' हे त्यातलंच एक. व्हर्नने चंद्राकडे तोफेतून माणसं पाठवली 1865 साली, माणूस खरंच उतरला 1969 मध्ये. मी वाचलं तोवर ते सगळं इतिहासजमा झालं होतं, तरी छातीत धडधडलं. कारण भागवतांचं भाषांतर भाषांतरासारखं वाचावं लागत नाही. फ्रान्समधल्या माणसाची अचाट कल्पना ते घरातल्या मोठ्या माणसाने ओसरीवर बसून सांगावी तशी सांगतात. परग्रहावरचे पाहुणे, उडत्या तबकड्या हेही त्यांनी स्वतः लिहिलं. 'उडती छबकडी' हे नावच बघा! तबकडीची छबकडी करणाऱ्या माणसाला मुलं कशाला हसतात ते पक्कं ठाऊक होतं.

आणि मग फेणे. चौकड्यांचा शर्ट, सायकल, काडीसारखी अंगकाठी, तोंडातून निघणारा 'ट्टॉक'. विसेक पुस्तकं. त्याच्याकडे जादूची कांडी नाही की घुबड नाही. फुरसुंगीसारख्या खेड्यातला पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि तिथून काश्मीरला, प्रतापगडावर, विमानचोरांच्या मागे. नांदेडला शिकायला जाणंच ज्यांना परदेश होता, त्या आम्हाला एवढी कल्पना पुष्कळ होती.

तक्रारही आहे. मी वाचलेल्या गोष्टींत बन्या मराठवाड्यात कधी आला नाही. त्याचं बोलणं शहरी, शाळा पुण्याची, माणसंही बहुतेक तिकडचीच. तो 'अरेच्चा' म्हणायचा, आम्ही 'आगं बाबौ'. लहानपणी वाटायचं, साहस करायचं तर आधी त्याच्यासारखं बोलायला शिकावं लागेल. पुण्यात पहिले सहा महिने मी मीटिंगमध्ये तोंड मिटून बसलो, त्यामागे या समजुतीचाही थोडा वाटा होता. ही शिक्षा एकट्या भागवतांना कशी द्यायची? आमच्याकडच्या बोलीतला फेणे लिहायचं काम आमच्याकडच्यांचं होतं.

दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, 2017 च्या सिनेमात अमेय वाघ. त्या सिनेमाचा एक निर्माता लातूरकर, रितेश देशमुख. बन्या मराठवाड्यात आला तो असा, निर्मात्याच्या वाटेने. दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भागवत झाले होते. ते बघायला भागवत नव्हते. 2001 मध्ये ते गेले.

माझी पुतणी अर्धापुरातच इंग्रजी शाळेत जाते. हॅरी पॉटर तिने मोबाइलवर पाहिलाय. तिला फेणेचा संच नेऊन दिला तर जोडाक्षरांशी अडखळली. आता रोज रात्री वडील तिला एकेक प्रकरण वाचून दाखवतात. परवा फोनवर कळलं की आजोबांच्या फेणेने अर्धापूरच्या केळीच्या ट्रकमागे सायकल घातली. पुस्तकात असा ट्रक नाही.