न झालेला गोल

आमच्या वास्कोत भजनाचा ताल आणि फुटबॉलचा संघ या दोन विषयांवरून वाद झाला नाही, असा दिवस मला आठवत नाही. दामोदराच्या सप्ताहात रात्रभर गाऊन घसा बसलेला माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी सायंकाळी खेळाचे नाव काढताच बोलू लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पहिल्या वादात मी सहसा पडत नाही. तालाचे ज्ञान परमेश्वराने मला दिलेले नाही. दुसऱ्या वादात मात्र मी आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे खर्ची घातली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो एकाच वाक्याचा. ते वाक्य सांगून मोकळे व्हावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फुटबॉल गोव्यात आला तो १८८३ साली, शिवोलीस येऊन राहिलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंबरोबर, असे सांगतात. त्यामुळे चर्चपुढची मोकळी जागा, ख्रिस्ती शाळांची पटांगणे आणि कापणीनंतर सुकलेली शेते हेच या खेळाचे माहेर झाले. आमच्या घरांत त्याचा शिरकाव होण्यास पुष्कळ वेळ लागला. माझी आजी त्याला ‘पाद्र्यांचा खेळ’ म्हणत असे. तिचा राग धर्मापेक्षा चामड्याच्या चेंडूवर अधिक होता. मी खेळून आलो की मागील दारच्या विहिरीवर आंघोळ केल्याखेरीज मला उंबरठा ओलांडता येत नसे. मार्गशीर्षातल्या थंडीतही ती माउली स्वतः रहाट ओढून माझ्या डोक्यावर पाणी ओती, आणि ओतता ओतता हळूच विचारी, “जिंकलास ना रे?”

त्याच काळात, म्हणजे १९५६ साली, पोर्तुगीज अमदानी चालू असतानाच, खाणमालक वासुदेव महादेव साळगांवकर यांनी ‘विमसन’ नावाचा फुटबॉल क्लब उभा केला. पुढे तोच साळगांवकर क्लब म्हणून सर्वांच्या ओळखीचा झाला. गावात आधीपासूनचा, १९५१ सालचा, वास्को क्लब होता. पणजीच्या बाजूला डेम्पोंचा संघ नंतर नावारूपाला आला. पण मला लहानपणी हिरव्या सदऱ्याने जी भुरळ घातली ती घातलीच. हिंदू घरातला एक मोठा माणूस या खेळासाठी पैसा खर्च करतो, ही बातमी आजीच्या कानी गेली तेव्हा ती काही बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरची आंघोळ केवळ पाय धुण्यावर आली.

आमच्या वादांचे स्थान म्हणजे बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानाची पायरी. त्या गृहस्थांना आम्ही शिंपीमामा म्हणत असू. धर्माने ते ख्रिस्ती, वयाने आम्हां सर्वांहून वडील, बोलण्यात मितभाषी. मराठी शाळेतले एक मास्तर, गोदीतले दोघे, सायकलवरून पाव विकणारा एक पोदेर आणि बंदराच्या कचेरीत कारकुनी करणारा मी, अशी आमची मंडळी होती. डेम्पोचा एक कट्टर भक्तही तेथे नित्यनेमाने येई. त्याला आम्ही बसू देत असू, कारण विरोधकावाचून वादाला रंग चढत नाही. सत्तरीच्या दशकात डेम्पोने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा या गृहस्थाने आम्हां सर्वांना स्वखर्चाने भजी खाऊ घातली. ती भजी मला आजही पचलेली नाहीत.

१९७४ साली ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर साळगांवकर संघात आला आणि आमच्या वादाला एक कायमचा विषय मिळाला. तो गोलरक्षक. आमच्यापैकी बहुतेकांचा जीव आघाडीच्या खेळाडूंत गुंतलेला. गोल करतो तो खरा खेळाडू, असे गोदीतल्या मंडळींचे मत. मी मात्र गोलरक्षकाच्या बाजूचा. यात थोडा जातिवंत अभिमानही होता, हे आज कबूल करावयास हरकत नाही. आपल्यासारख्या घरातला मुलगा देशाच्या जाळ्यापुढे उभा राहतो, पुढे भारताचा कर्णधार होतो, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या पोरांना छाती फुगवायला पुरेशी होती. पण अभिमान वजा केला तरी माझा मुद्दा खोटा नव्हता. मी म्हणे, “झालेला गोल तुम्ही बोटांवर मोजता. न झालेला गोल कोण मोजतो? नव्वद मिनिटांत हा माणूस चार वेळा हलतो, आणि त्या चार वेळांवर तुमचा सगळा खेळ उभा असतो.” त्यावर गोदीतले काका म्हणत, “मग अकराही जण जाळ्यातच उभे करा की!” मास्तर हसत. मामा दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करून सुईत ओवत राहत.

१९८४ साल उजाडले. मद्रासला गोव्याने पंजाबचा एका गोलने पराभव करून संतोष चषक जिंकला. आदल्या वर्षी तो बंगालबरोबर वाटून घ्यावा लागला होता. या वेळी तो सर्वस्वी आमचा झाला. त्या स्पर्धेत गोव्याच्या जाळ्यात एकही चेंडू गेला नाही. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी आठवडाभर पायरीवर विजयी सेनापतीसारखा बसलो.

त्याच वर्षी वासुदेवराव साळगांवकर निवर्तले. आमच्यापैकी कोणाचा त्यांच्याशी परिचय नव्हता. मी तर त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही. गोदीतले लोक त्यांना ‘पात्रांव’ म्हणत, तेवढीच काय ती जवळीक. तरीही त्या सायंकाळी मामांनी दुकानाची एक फळी लावून घेतली, वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून शिलाईयंत्रावर ठेवले आणि पोदेराने आणलेला अबोलीचा वळेसर त्याभोवती गुंडाळला. आम्ही काही वेळ गप्प बसलो. मग जे व्हायचे तेच झाले. कोणी तरी म्हणाले, पात्रांवांच्या हयातीत संघाला देशपातळीवरचे मोठे यश मिळायला हवे होते. दुसरा म्हणाला, मिळणार कसे, आघाडीला धार कुठे आहे? तिसऱ्याने गोलरक्षकाचे नाव काढले, आणि पाच मिनिटांत मृताच्या छायाचित्रासमोर आमचे नेहमीचे भांडण जुंपले.

वादाच्या भरात मास्तर म्हणाले, “अरे, निदान आज तरी त्या माणसाचे उपकार आठवा.” त्यावर मी जे बोललो ते हे वाक्य: “पैसा होता, दिला. त्यात उपकार कसले? घाम तर खेळाडूंनी गाळला.”

कोणीही काही बोलले नाही. डेम्पोच्या भक्तानेसुद्धा मान खाली घातली. मामांनी हातातले काम बाजूला ठेवले. ते म्हणाले, “बाब, तू रोज आम्हांला विचारतोस, न झालेला गोल कोण मोजतो म्हणून. आज मी तुला विचारतो. आपल्या पोरांपैकी कितीजण तारवटी होऊन बोटीवर गेले असते, कितीजण आखातात गेले असते, ते कंपनीत नोकरी मिळाली म्हणून राहिले आणि खेळले. एखाद्या वर्षी संघ मोडला असता, तो मोडला नाही. पायात बूट नसते, ते होते. हे सगळे न झालेले गोल आहेत. तू ते कधी मोजलेस?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी उठून घरी गेलो आणि चार दिवस पायरीवर फिरकलो नाही. पाचव्या दिवशी मामांनी पोदेराबरोबर निरोप पाठवला: “वाद अडला आहे, ये.” क्षमा मागण्याची संधी त्यांनी मला दिलीच नाही, म्हणूनच ते वाक्य अजून माझ्यापाशी शिल्लक राहिले आहे.

१९८८ साली सीमा सुरक्षा दलाच्या संघाला नमवून साळगांवकरने फेडरेशन चषक जिंकला. गोव्याच्या कोणत्याही क्लबाला त्यापूर्वी तो मिळाला नव्हता. दुसऱ्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगला हरवून आमच्या संघाने तो राखलाही. पहिल्या विजयाची बातमी आली त्या सायंकाळी पायरीवर फटाके वाजले. गडबड ओसरल्यावर मामांनी मला बाजूला घेतले. “ही बातमी एका माणसाला पोचवायची राहिली आहे,” ते म्हणाले. “तुझ्या वाटेने जाते की माझ्या, कोण जाणे. दोन्ही वाटांनी धाडू या.” ते सेंट आंद्रेच्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले, मी दामोदरापुढे नारळ ठेवला. त्या दिवशी मी मनातल्या मनात माझे वाक्य परत घेतले. देवाने ते ऐकले असेल. ज्याच्याविषयी बोललो तो मात्र ऐकायला नव्हता.

पुढची वर्षे वादाला फार सुपीक गेली. रॉय बार्रेटोचा बचाव श्रेष्ठ की डेरिक परेराचा, साव्हियो मदेराला मधल्या फळीत तोड आहे काय, ब्रूनो कुतिन्हो पुढे आल्यावर आता तरी आघाडीवाल्यांचे मत मान्य करावे की नाही, अशा प्रश्नांवर आमच्या दिवेलागणी गेल्या. १९९७ साली ब्रह्मानंदला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी जिंकलो. २००१ साली ब्रूनोला मिळाला तेव्हा काका जिंकले. मध्ये १९९८-९९च्या हंगामात राष्ट्रीय लीग आली, २०१०-११ला आय-लीग आली. मामा मात्र राष्ट्रीय लीग पाहायला राहिले नाहीत. मास्तरही गेले. पायरीवरची गर्दी हळूहळू विरळ झाली.

२०१६ साली आणखी एक दिवस उजाडला. भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेत आपल्या स्पर्धेला दुय्यम स्थान मिळणार, याचा निषेध म्हणून गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. साळगांवकर त्यांत होता, स्पोर्टिंग होता आणि डेम्पोही होता. हिरवा सदरा गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पण बंगालशी, केरळशी झुंजण्याचे दिवस त्या वेळी संपले. माझा नातू संतापला. “आजोबा, आपल्याला कोणी विचारले का?” हा त्याचा प्रश्न. मी विचारात पडलो. आपल्या देवस्थानांना महाजन असतात. त्यांची नावे वहीत असतात, सभेत त्यांना मत असते, हिशेब विचारण्याचा हक्क असतो. आम्ही पन्नास वर्षे उन्हापावसात टिळक मैदानावर उभे राहिलो. पण आमचे नाव कोणत्या वहीत होते? कोणत्याच नाही. ज्याने दिले, त्याच्या हाती ते ठेवण्याचा आणि आवरण्याचा अधिकार राहिला.

मी नातवाला बोलणारच होतो, “पैशाचा खेळ हा, त्यात उपकार कसले?” तेवढ्यात मामांचा सुईदोरा डोळ्यांपुढे आला आणि शब्द ओठांतच राहिले. मी त्याला म्हटले, “बाळा, ज्याने साठ वर्षे दिवा तेवत ठेवला त्याला तेलाचा हिशेब विचारण्यापूर्वी आपण किती तेल घातले ते आठवावे. आपण काय घातले? आपण वाद घातला. तोही थोडा नव्हता.” तो हसला नाही. त्याचा राग खोटा नव्हता, आणि तो माझ्या उत्तराने निवावा अशी माझीही अपेक्षा नव्हती. कृतज्ञता आणि तक्रार एकाच मनात नांदू शकतात, हे कळायला मला स्वतःला किती वर्षे लागली!

आमच्या सप्ताहात अहोरात्र भजन अखंड चालते. सायंकाळी गर्दी लोटते, पार येतात, जत्रा भरते. पण पहाटे तीनच्या सुमारास, ऐकणारे पेंगत असतात तेव्हा, जो कोणी सूर धरून बसतो त्याच्यामुळे भजन ‘अखंड’ राहते. त्याचा गळा गोड होता की नाही, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. गोलरक्षक आणि पोशिंदा दोघेही त्या प्रहराचे मानकरी, असे आता मला वाटते.

२०२२ साली ब्रह्मानंदला पद्मश्री जाहीर झाली. त्या सायंकाळी काठी टेकत मी जुन्या पायरीशी गेलो. मामांच्या दुकानात आता मोबाइल विकतात. पायरी तेवढी तीच आहे. थोड्या वेळाने पलीकडून दुसरी एक काठी टेकत आली. डेम्पोचा भक्त! तो माझ्या शेजारी बसला, दम घेतला आणि म्हणाला, “शेवटी तुझाच गोलरक्षक जिंकला म्हणायचा.”

मी म्हटले, “मामा असते तर बरे झाले असते.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने माझ्याकडे तिरकस पाहिले आणि म्हणाला, “ते खरे. पण ब्रूनोचे काय?”

आणि दिवे लागेपर्यंत आम्ही भांडलो.