अडकित्त्याचा विमानप्रवास

विमानांतून प्रवास करण्याची हौस मला कधींच नव्हती. रघुवंशाचा तेरावा सर्ग माझ्या नित्य वाचनांतला. पुष्पकांतून श्रीराम सीतेला समुद्र, जनस्थान, गोदावरी दाखवीत अयोध्येस नेतात, तो सारा मार्ग मला पाठ आहे. परंतु स्वतः मी आगगाडीच्या खिडकीवर संतुष्ट होतों. २०२५ सालच्या आषाढांत एके रात्रीं नागपुराहून पुतण्याचा फोन आला : "काका, परवां सकाळीं बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. त्यांनीं तुम्हांला बोलावलेलें नाहीं. मीच कळवितों आहें."

दादांनीं मला बोलवावें असें मीं कांहीं ठेवलेंच नव्हतें. २०१४ सालीं आमच्या वाड्याची वांटणी झाली. खोल्या, भांडींकुंडीं हीं कांहीं कुरबूर न होतां वांटलीं गेलीं. वडिलांचा पितळी अडकित्ता तेवढा दादांनीं मागितला, आणि "सारेंच तुम्हांला कसें मिळेल?" असें बोलून मीं तो ठेवून घेतला. वास्तविक मी सुपारी खात नाहीं! त्यानंतर अकरा वर्षें आमचें बोलणें बंद होतें. हें मी आज दादांच्या संमतीनेंच लिहीत आहें.

आगगाडींत जागा मिळेना, म्हणून मुलानें विमानाचें तिकीट काढून दिलें. हिनें दशम्या बांधून दिल्या. अडकित्ता मीं पंच्यांत गुंडाळून हातांतल्या पिशवींत ठेवला.

लोहगांवच्या विमानतळावर ती पिशवी यंत्रांतून गेली मात्र, एका जवानानें मला बाजूला घेतलें. धारेची वस्तु उतारूला जवळ बाळगतां येत नाहीं. ती येथेंच सोडा किंवा मागें जाऊन सामानांत द्या, असे दोनच मार्ग. तो मुलगा उत्तरेकडचा होता. त्याच्या आजोबांपाशींही असाच 'सरौता' होता म्हणे. त्यानेंच वाट दाखविली, आणि या वयांत मी धांवतपळत जाऊन पिशवी सामानांत देऊन आलों. घाईंत दशम्याही तिच्याबरोबर गेल्या.

विमान उडालें. कालिदासाच्या रामाला खालची सारी भूमि दिसत होती. मला पिंजलेल्या कापसावांचून कांहीं दिसेना. पाऊण तासानें तें असें हिंदकळूं लागलें कीं शेजारच्या बाईंनीं माझा हात धरला व मीं रामरक्षा धरली. नागपुरावर वादळी पाऊस असल्याचें वैमानिकानें सांगितलें, आणि चार घिरट्या घालून आम्ही हैदराबादेस गेलों. नागपुरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर रामटेक आहे. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. यक्षानें ज्याच्या हातीं निरोप दिला, त्या मेघाच्याच वंशजानें मला दारांतून परत फिरवावें!

हैदराबादेस विमानांतच अडीच तास बसून होतों. त्या वेळीं एक जुनी गोष्ट आठवली. १९४९ सालीं रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली, तिचें मध्यवर्ती ठाणें नागपूरच होतें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं तेथें एकत्र येत आणि टपालाच्या थैल्या बदलून परत फिरत. एका रात्रींत पत्र देशाच्या या टोकाहून त्या टोकास जावें, एवढी सोय पूर्वींच झाली होती. मीं मात्र दादांना अकरा वर्षांत एक कार्डही टाकलें नव्हतें.

नागपुरास उतरलों तेव्हां रात्रीचे आठ वाजून गेले होते. फिरत्या पट्ट्यावर सर्वांच्या पेट्या आल्या. माझी पिशवी येईना. पट्टा थांबण्याच्या बेतांत असतां ती भिजलेली अशी एकटीच आली.

रुग्णालयांत भेटीची वेळ टळली होती. वहिनींनीं परिचारिकेची विनवणी केली, तेव्हां पांच मिनिटें मिळालीं. दादा फार वाळले होते. मला पाहून ते कांहीं बोलले नाहींत. मीं पंचा सोडून अडकित्ता त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो दोनदां उघडला, मिटला, पात्यावरून अंगठा फिरविला.

"धार गेली रे याची," ते म्हणाले.

"अकरा वर्षें पडून होता, दादा."

"घरीं आलों म्हणजे लावून घेऊं." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनीं विचारलें, "तूं सकाळपासून कांहीं खाल्लें आहेस का?"

दशम्या पिशवींत तशाच होत्या.