वाळवंटाचा जमाखर्च

२०१६ सालची गोष्ट. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने आमच्याकडे एक टिपण तपासायला दिले होते. विषय होता ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांचे 'मॅड मॅक्स' चित्रपट. आम्ही उत्सुकतेने वाचायला घेतले आणि पहिल्याच पानावर अडखळलो. नायकाचे एकाकीपण, उजाड भूमीचे प्रतीक, सूडकथेचे मिथकात होणारे रूपांतर, यांपैकी काहीच तिथे नव्हते. होते ते आकडे. कुठल्या चित्रपटाला किती खर्च आला, तिकीटबारीवर किती गल्ला जमला, कुठल्या आठवड्यात कुणी कुणाला मागे टाकले. आम्ही लाल शाईने समासात शेरा मारला : 'हा साहित्याचा अभ्यास आहे, वाणिज्याचा नव्हे. पहिली तीन पाने गाळावीत.' टिपण परत घेताना ती एवढेच म्हणाली, "गाळते सर, पण या चित्रपटांत पैसा पडद्यावर दिसतो."

तिने पाने गाळली. तिला गुणही चांगले मिळाले. त्या शेऱ्याचा आम्हांला पुष्कळ दिवस अभिमानच वाटत होता. आज तो वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. पहिला 'मॅड मॅक्स' १९७९ साली ऑस्ट्रेलियात प्रदर्शित झाला. खर्च साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. जगभरातला गल्ला दहा कोटी अमेरिकी डॉलरच्या पुढे. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक नफा मिळवणारा चित्रपट म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली आणि १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' येईपर्यंत ती टिकली. जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर. सिडनीतल्या रुग्णालयात अपघात विभागात त्यांनी काम केले होते आणि रस्त्यावर चेंदामेंदा झालेली माणसे जवळून पाहिली होती. भांडवल उभे करण्यासाठी ते रात्रीबेरात्री रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करीत आणि निर्माता-मित्र बायरन केनेडी गाडी चालवीत. बाकीची रक्कम ओळखीपाळखीच्या लहान गुंतवणूकदारांकडून आली.

इतक्या पैशांत मोटारींचे भीषण अपघात दाखवायचे, म्हणजे प्रत्येक दृश्याआधी खिसा चाचपून पाहणे आले. मेल गिब्सन या त्या वेळी अनोळखी असलेल्या नटाच्या अंगावर खरे चामडे होते. बाकीच्या बहुतेक पोलिसांच्या अंगावर व्हिनाइल होते. एका टकरीसाठी मिलर यांनी स्वतःची व्हॅन कामी आणली. संकलन एका घरातच झाले आणि त्यासाठीचे यंत्र केनेडींच्या वडिलांनी बनवले होते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वर्तमानकाळातली कथा चित्रित करायची तर शहरातले वर्दळीचे रस्ते, वाहने, माणसांची गर्दी, सगळेच हवे, आणि ते परवडणारे नव्हते. तेव्हा कथा नजीकच्या भविष्यात नेली. समाज मोडकळीला आला आहे असे एकदा गृहीत धरले की रिकामे रस्ते आणि पडक्या इमारती आपोआप अर्थपूर्ण ठरतात. ज्या ओसाडपणावर आम्ही वर्गात तासभर बोलत होतो, त्याच्या मुळाशी रिकामी तिजोरी होती.

हे प्रथम समजले तेव्हा आम्ही थोडे नाराज झालो आणि मग लगेच सावरलो. मनाशी म्हटले, पाहा, गरिबीच खरी कलेची आई! साधने तोकडी असली की कल्पनाशक्ती जागी होते. हा सिद्धान्त आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. हजार प्रतींची आवृत्ती खपायला दहा वर्षे लागली की तो ग्रंथाच्या थोरवीचाच पुरावा, असे मानणाऱ्या वातावरणात आमची जडणघडण झालेली. शिवाय त्या स्वस्त चित्रपटाच्या पुढच्या प्रवासात पैशाने केलेली एक आगळीक आमच्या हाती आयतीच लागली. १९८० साली तो अमेरिकेत गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चार आपल्या प्रेक्षकांना कळणार नाहीत अशा धास्तीने वितरकांनी सगळे संवाद अमेरिकी आवाजांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. नायकाचा आवाजही गेला. बोलीतले संवाद प्रमाणभाषेत करून आणा, असे सुचवणारे संपादक आपल्यालाही अपरिचित नाहीत. तेव्हा पैसा कमी होता तोवर कला शुद्ध होती आणि बाजार येताच ती भ्रष्ट झाली, अशी एक सोयीची गोष्ट आमच्या मनात तयार झाली.

ही गोष्ट मोडून काढली ती त्याच दिग्दर्शकाच्या २०१५ सालच्या चित्रपटाने. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'चा खर्च पंधरा कोटी अमेरिकी डॉलरच्या घरातला. आमच्या सिद्धान्तानुसार हा चित्रपट सुजलेला, आळशी आणि भपकेबाज असायला हवा होता. प्रत्यक्षात तो पहिल्यापेक्षाही काटकसरी आहे. आम्ही पैशाबद्दल म्हणत नाही, अभिव्यक्तीबद्दल म्हणतो आहोत. कथा एका वाक्यात सांगता येते : काही स्त्रिया एका जुलमी गडावरून पळतात आणि पुन्हा तिथेच परततात. संवाद मोजके. पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार चित्रचौकटी आधी रेखाटलेल्या. मार्गारेट सिक्सेल यांनी जवळजवळ ४८० तासांच्या चित्रीकरणातून दोन तासांचा चित्रपट काढला, आणि त्या वर्षी त्याला मिळालेल्या सहा ऑस्करपैकी संकलनाचे त्यांना मिळाले. ४८० तासांतून दोन तास, म्हणजे २४० भागांतला एक भाग राखणे. इतके लिहून इतके खोडणारा कवी विरळाच. मात्र खोडण्यासाठी आधी ते ४८० तास चित्रित झालेले असावे लागतात, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. इथे संयम हीच सर्वांत महाग वस्तू आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

या पैशाची कथाही सरळ नाही. चित्रपट २००३ सालीच सुरू व्हायचा होता. इराक युद्ध आले, ऑस्ट्रेलियन डॉलरपुढे अमेरिकी डॉलर घसरला आणि अंदाजपत्रक कोलमडले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल परिसरात चित्रीकरण ठरले, तर तिथे अनेक वर्षांनी भरपूर पाऊस झाला आणि वाळवंटात रानफुले उगवली. उजाड भूमी हवी म्हणून सगळा संसार आफ्रिकेतल्या नामिबियात हलवावा लागला. २०१२ साली तिथे मुख्य चित्रीकरण झाले. पण वर्षअखेरीस निर्मितीसंस्थेने काम थांबवायला लावले, तेव्हा गडावरचे आरंभीचे आणि अखेरचे प्रसंग चित्रित व्हायचे होते. ते २०१३ साली सिडनीत पूर्ण झाले. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. या चित्रपटाचा सारा आशय जाणे आणि परतणे या आकृतीत आहे. ती दोन टोके जर हिशेबनिसाच्या वहीत अडकूनच राहिली असती, तर आपल्या हाती मधला पाठलाग तेवढा उरला असता. आणि आम्ही कदाचित त्यालाच 'आदि-अंतहीन आधुनिक कथन' म्हणून वर्गात शिकवले असते!

आता तिकीटबारीकडे वळू. मे २०१५ मध्ये 'फ्युरी रोड' अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्याच शुक्रवारी 'पिच परफेक्ट २' हा गाणाऱ्या मुलींचा विनोदी चित्रपटही आला. पहिल्या तीन दिवसांत त्याने जवळजवळ सात कोटी डॉलर मिळवले. 'फ्युरी रोड'ने साडेचार कोटी. गाणाऱ्या मुलींचा निर्मितीखर्च तीन कोटींहूनही कमी होता. 'फ्युरी रोड'चा जगभरातला एकूण गल्ला अखेर सुमारे ३८ कोटी डॉलर झाला. खर्चाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे भरघोस नफा, असे आम्हांला वाटले होते. हा आमच्या अडाणीपणाचा भाग. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानाने निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. जाहिरातीचा प्रचंड खर्च निर्मितीखर्चात धरलेलाच नसतो. म्हणून या धंद्यात, खर्चाच्या दुप्पट-अडीचपट गल्ला जमल्याखेरीज चित्रपट तरला असे कुणी म्हणत नाही. या हिशेबाने समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा चित्रपट जेमतेम काठावर येतो.

हे कळल्यावर आमच्यातला जुना रोग उफाळून आला. आम्ही मित्रांत अभिमानाने सांगू लागलो की थोर कृती अशीच काठावर येते, लोक गाणाऱ्या मुलींकडे जातात. ज्या आकड्यांना समासात जागा द्यायची नाही म्हणून आम्ही शेरा मारला होता, तेच आकडे आता आमच्या अभिरुचीचे प्रशस्तिपत्र झाले होते. गल्ल्यावरून गुणवत्ता ठरवणारा व्यापारी आणि गल्ल्याच्या अभावावरून गुणवत्ता ठरवणारा प्राध्यापक, दोघांची मोजपट्टी एकच. एकाने ती उलटी धरली आहे, इतकेच.

हा भ्रम २०१७ साली उघड झालेल्या एका न्यायालयीन वादाने पुरता उतरला. मिलर यांची निर्मितीसंस्था केनेडी मिलर मिचेल आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्यातल्या करारात अशी अट होती की चित्रपटाचा निव्वळ खर्च १५ कोटी ७० लाख डॉलरच्या आत राहिला तर मिलर यांच्या संस्थेला ७० लाखांचा बोनस मिळावा. मिलर यांच्या संस्थेच्या हिशेबाने खर्च १५ कोटी ४६ लाख. वॉर्नरच्या हिशेबाने १८ कोटी ५१ लाख. दोन्हींत तीन कोटींहून अधिक तफावत! चित्रपट एकच, पावत्या त्याच. वाद असा की निर्मितीसंस्थेने वाढवलेली कामे आणि त्यांच्या निर्णयांमुळे झालेला विलंब कुणाच्या खाती घालायचा. म्हणजे 'खर्च किती' हा प्रश्न 'कुणामुळे' या प्रश्नाशिवाय सुटत नव्हता, आणि 'कुणामुळे' हे ठरवायला करारातल्या शब्दांचा अर्थ लावावा लागत होता.

हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आकडा म्हणजे रोखठोक वस्तुस्थिती आणि संहिता म्हणजे अर्थाची अनिश्चितता, अशी विभागणी आम्ही आयुष्यभर शिकवत आलो. इथे आकडाच संहिता होऊन बसला होता. त्याला निवेदक होता, दृष्टिकोन होता, गाळलेल्या जागा होत्या. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे सांगण्यासाठी आम्ही पगार घेतो. आणि नेमका असा मजकूर समोर आला तेव्हा आम्ही 'पाने गाळावीत' असे लिहून मोकळे झालो.

२०२४ साली त्याच विश्वातला 'फ्युरिओसा' आला. खर्च सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर, जगभरातला गल्ला सुमारे १७ कोटी ४० लाख. वर सांगितलेल्या हिशेबाने हे स्पष्ट अपयश. प्रदर्शनाच्या पहिल्या आठवड्यातच ते जाहीर झाले. आम्ही तो एका दुपारी जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात पाहिला. पाचसहा माणसे असतील. या वेळी मात्र रिकाम्या खुर्च्यांचा अभिमान वाटला नाही, चिंता वाटली. मिलर १९४५ साली जन्मले. एवढे मोठे वाळवंट उभे करायला त्यांना पुन्हा कुणी पैसे देईल का, हा प्रश्न मनात आला, आणि त्याचे उत्तर त्या खुर्च्यांत लिहिलेले दिसत होते. आपण पाहतो आहोत त्या चित्रपटाचे मोल हा गल्ला ठरवत नाही; तो तर पूर्ण झालेला आहे, त्याचे कुणी काही हिरावून घेऊ शकत नाही. गल्ला ठरवतो ते पुढच्या, अद्याप न झालेल्या चित्रपटाचे भवितव्य. न लिहिल्या गेलेल्या कवितेवर समीक्षा लिहिता येत नाही, म्हणून आमच्या शास्त्रात या गोष्टीला जागा नाही. ती असायला हवी, असे आता वाटते.

आकड्यांनी कृतीची प्रत ठरवावी असे आमचे आजही मत नाही. चार लाखांच्या आणि पंधरा कोटींच्या दोन चित्रपटांतली शिस्त एकाच जातीची आहे, ही गोष्ट कुठल्याही ताळेबंदात सापडत नाही. त्यासाठी चित्रपटच पाहावा लागतो. पण ओसाड रस्ता का ओसाड आहे, नायकाचा आवाज कुणी बदलला, गडावर परतण्याचा प्रसंग एक वर्ष का लांबला, ही उत्तरे त्या तीन पानांच्या वाटेनेच मिळत होती.

ती विद्यार्थिनी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकवते, असे ऐकतो. तिच्या टिपणाची आमच्याकडे राहिलेली प्रत त्या तीन पानांवाचूनची, म्हणजे आमच्या आज्ञेनुसार सुधारलेली. मूळ पाने तिने जपून ठेवली असतील तर ती वाचायला मागावीत, असे पुष्कळदा मनात येते. या वेळी शाईचे पेन जवळ ठेवणार नाही, एवढे आश्वासन आम्ही तिला देऊ शकतो.